ठकीच्या ओठांवरचे डाग

११ फेब्रुवारी

दादा,

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. चांगल्या उजेडात आरशासमोर उभा राहा. खालचा ओठ बोटाने उलटा करून बघ. मग तोंड उघडून गालांच्या आतली बाजू बघ. शाई शिंतडल्यासारखे ठिपके दिसतील, तिळाएवढे, काही त्याहून मोठे. ओठांवरचे विशीनंतर फिके पडतात, माझेही पडले. गालाच्या आतले मात्र राहतात. ते बघून झालं की तुझ्या दोन्ही मुलांना हाक मार आणि त्यांचे ओठ बघ.

एवढं करून हे पत्र फाडून टाकलंस तरी माझी तक्रार नाही.

तुझा पत्ता तू कामाला आहेस त्या लिफ्टच्या कंपनीतून मिळवला. ऑफिसातल्या बाई काही केल्या देईनात. शेवटी म्हटलं, घरात दुखणं आहे. "कोणाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांचंच." मग दिला. तुला दोन मुलं आहेत हेही त्यांच्याकडूनच कळलं. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल मला कळलेली पहिली बातमी एका अनोळखी बाईच्या तोंडून.

मला एक मुलगी आहे, आठ वर्षांची. सगळे तिला खारू म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही आणि हाताला लागेल ते कुरतडते. तिच्या ओठांवर दोन-अडीच वर्षांची असल्यापासून डाग आहेत. शाळेत मुलं विचारतात, पेन खाल्लंस का? ती सांगते, हो, निळं संपलं, आता काळं खातेय. मी कधी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे असतातच. अप्पांना तर लहानपणी "शाईतोंड्या" म्हणायचे. ते सांगताना अप्पा हसायचे, पण आपण हसलो की त्यांना आवडायचं नाही.

डिसेंबरात खारूचं पोट दुखायला लागलं. कळ यायची, पोरगी गुडघे पोटाशी घेऊन लोळायची, दहा मिनिटांनी उठून पुन्हा पळायला लागायची. त्यामुळे कोणाला खरं वाटेना. मलाही नाही. एकदा गणिताच्या पेपरच्या सकाळीच कळ आली. मी म्हटलं, "बरा मुहूर्त सापडतो गं तुझ्या पोटाला." तिसऱ्या खेपेला शाळेतून फोन आला. मी पोचले तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर डाव्या कुशीवर पडली होती, चेहरा कागदासारखा. समोरच्या बादलीत हिरवं पाणी होतं.

इस्पितळात एक सर्जन बाई आल्या. त्यांनी पोटाला हात लावण्याआधी खारूचा ओठ उलटा केला.

"हे डाग कधीपासून आहेत?"

"लहानपणापासून. आमच्या घराण्यातच आहेत ते. डॉक्टर, तिचं पोट दुखतंय हो."

"मी पोटाबद्दलच विचारतेय," त्या म्हणाल्या.

आजाराचं नाव प्युट्झ-जेगर्स सिंड्रोम. सोबतच्या कागदावर नीट लिहून दिलंय, तुझ्या डॉक्टरांना दाखव. खारू त्याला "पोटजागर" म्हणते. आतड्यात गाठी वाढतात, देठावर लटकल्यासारख्या. त्यांना पॉलिप म्हणतात. आतड्याला वाटतं, हे अन्नच आहे. ते गाठीला पुढे ढकलायला जातं आणि गाठीबरोबर स्वतःच पुढच्या आतड्यात ओढलं जातं. शर्ट काढताना बाही आतल्या आत अडकते, तसं. सुटलं तर मूल दहा मिनिटांत बरं. नाही सुटलं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. कधी दुखत काहीच नाही, नुसतं थोडं थोडं रक्त जात राहतं आणि मूल पांढरं पडत जातं. ओठांवरचे डाग त्रास देत नाहीत, पण ते आधी दिसतात. आत काय चाललंय याची तेवढीच खूण.

खारूचं ऑपरेशन झालं. अक्रोडाएवढी गाठ निघाली. वीतभर आतडं काढावं लागलं. आता बरी आहे. पण हे एकदा काढून संपत नाही, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, जन्मभर. माझीही तपासणी झाली, दोन गाठी निघाल्या. मोठेपणी यातून कॅन्सरही होऊ शकतो, म्हणून तुलाही सोडणार नाहीत. अप्पा आतड्याच्या दुखण्याने गेले ते यातच आलं असणार.

आई किंवा बाप, एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आपल्यात तिघांपैकी तिघांना मिळालं.

सर्जन बाईंनी विचारलं, घरात कोणी लहानपणी पोटाच्या दुखण्याने गेलंय का? मी म्हटलं, धाकटी बहीण. नऊ वर्षांची होती.

"कशाने?"

"हिरवी फळं खाल्ली होती, म्हणून."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "फळांनी असं होत नाही," त्या म्हणाल्या.

दादा, फळांनी असं होत नाही. मुलांना तपासून घे.

तुझी,
मधली


३ मार्च

दादा,

पोचपावतीवर तुझी सही आली आहे. म्हणजे पत्र मिळालं. सहीत अजून तीच शेवटी खाली ओढलेली रेघ. अप्पांना वाटायचं ही रेघ त्यांची, तू चोरलीस.

सर्जन बाईंनी घराण्याची माहिती मागितली होती. त्यांना तक्ता करायचा होता, कोणाला डाग होते, कोणाला नव्हते. "जुने फोटो असतील तर आणा." मी हसलेच. म्हटलं, बाई, तीन पिढ्यांचं पोट फोटोंवर चाललंय आमचं, हवे तेवढे आणते. स्टुडिओ आता मीच चालवते, तुला माहीत नसेल. बाहेर सगळं कॉम्प्युटरवर, पण मागची डार्करूम मोडलेली नाही.

पाच अल्बम काढून टेबलावर मांडले. एकाही फोटोत एकाही ओठावर एकही डाग नाही. आजी, अप्पा, तू शाळेच्या गणवेशात, मी, ठकी. सगळ्यांची तोंडं दुधाने धुतल्यासारखी. मी अल्बम तसेच मिटले. सर्जन बाईंना काय दाखवणार? ह्या बघा, आम्ही किती निरोगी होतो?

अप्पांचं काम होतं ते. गिऱ्हाइकांचे तीळ, चामखीळ ते सांगितल्याशिवाय काढत नसत, पण घरच्यांच्या ओठांवर न सांगता पेन्सिल चालवत. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक टिंबं भरली की छापल्यावर डाग गायब. मी बाराव्या वर्षी शिकले. तू कंटाळून पळून जायचास.

ठकीचा तो मोठा फोटो, जिन्याच्या भिंतीवरचा, त्याची निगेटिव्ह मी केली. ती गेल्यावर आठवड्याने अप्पांनी ती माझ्यासमोर ठेवली. "तू कर. तुझा हात हलका आहे," ते म्हणाले. खालच्या ओठावर सात, वरच्यावर चार, हनुवटीच्या कडेला एक. मी सगळे भरले. अप्पांनी भिंगातून बघितलं आणि माझ्या पाठीवर थोपटलं. तेरा वर्षांची होते मी. काम चांगलं झालं म्हणून मला बरं वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी ती निगेटिव्ह काढली. पेन्सिल बसावी म्हणून वर एक रोगण लावलेलं असतं. टर्पेंटाइनच्या बोळ्याने ते पुसलं तर पेन्सिलही निघून येते. बोळा काळा झाला. फोटो छापायच्या कागदाचं पाकीट मुदत उलटून गेलेलं, तरी लावून बघितलं. डार्करूमच्या लाल दिव्यात, औषधाच्या पाण्याखाली, आधी तिचे केस आले, मग डोळे. ओठ सगळ्यात शेवटी आले. आणि एकेक करून डाग. बारा.

मी ट्रे तसाच सोडून बाहेर येऊन उभी राहिले. काउंटरवर एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलं होतं. ते म्हणालं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "आत वास फार आहे."

खारू आता घरी आहे. दुपारी तिला पलंगावर झोपवते. ठकीचीच खोली ती, माडीवरची, आता खारूची. ती डाव्या कुशीवर वळते, गुडघे जवळ घेते, आणि दारातून बघताना मला क्षणभर कळत नाही पलंगावर कोण आहे. केस तेच. मानेवरचा खळगा तोच. परवा मी दारातूनच "ठकी" म्हटलं. खारू म्हणाली, "ती कोण?" मी सांगितलं, मावशी. "ती कुठे असते?" मी म्हटलं, ती लहानच राहिली. खारूने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मग ती मला ताई म्हणेल."

मला कामं सुचत नाहीत, दादा. जिना चढताना मी त्या फोटोकडे बघत नाही, दुसऱ्या बाजूच्या भिंतीला हात लावून चढते. आईच्या लक्षात आलंय. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण तिच्या लक्षात सगळं येतं.

नवा छापलेला फोटो सोबत पाठवतेय. मुलांचे ओठ बघितलेस का?

मधली


१५ मार्च

दादा,

नुसतं "बघितले" एवढं एका कार्डावर लिहून पाठव. मला शिव्या दे, पण मुलांना डॉक्टरांकडे ने. अप्पांशी तुझं काय होतं, माझ्याशी काय आहे, त्यात त्या पोरांचा काय दोष?

मधली


२६ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. त्यांनी तुला सांगितलं असेल, नसेलही.

तू दोन्ही पाकिटं न उघडता कपाटावर टाकलीस म्हणे. शेवटचं कार्ड तेवढं उघडं होतं, ते त्यांनी वाचलं, आणि मग खुर्चीवर चढून बाकीचंही काढलं. "यांना न विचारता वाचलंय, ताई," त्या म्हणाल्या, "पण लेकीचे ओठ मी रोज बघते. मला वाटायचं, हे माझ्या माहेरचं काही असेल." तुझी मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षं तिला लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि रक्त काही वाढत नाही. जिना चढताना मधेच बसते. मी त्यांना सर्जन बाईंचं नाव आणि नंबर दिला आणि सांगितलं, उद्या म्हणू नका.

मग त्या म्हणाल्या, तुम्हाला एक सांगू का? हे घरात फळ आणू देत नाहीत. आणलंच तर आधी स्वतः खातात आणि तासभर वाट बघतात. मगच मुलांना. मुलं लहान होती तेव्हा हसायची, आता चिडतात. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी कारण विचारलं की म्हणतात, सवय आहे.

"पत्रातली ती हिरवी फळं यांनीच दिली होती का हो तिला?"

मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय. कोणी आलं नव्हतं. फोन ठेवून मी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसून राहिले. समोर पांढरा पडदा, वर दिवे. लोक तिथे बसतात तेव्हा मी त्यांना सांगते, सरळ बघा, हलू नका.

दादा, पहिल्या पत्रात मी तुला सर्जन बाईंच्या तोंडून सांगितलं की फळांनी असं होत नाही. ते खरं आहे. पण ते मला त्यांच्याकडून कळलं असं मी तुला भासवलं. ते खरं नाही. ठकीला फळांनी काही झालं नव्हतं हे मला तेव्हापासून माहीत आहे.

तिचं पोट बुधवारी दुखायला लागलं. फळं तू गुरुवारी संध्याकाळी दिलीस.

बुधवारी शाळेतून येताना ती रस्त्यातच खाली बसली. घरी आल्यावर न्हाणीघरात हिरवं ओकली. मी पाणी ओतून ते साफ केलं. ती म्हणाली, "आईला हाक मार." मी म्हटलं, "नको."

शुक्रवारी माझी वक्तृत्वाची स्पर्धा होती. दुसऱ्या शाळेत, बस जाणार होती. ठकी आजारी पडली की मला घरी ठेवायचे, कारण आई काउंटरवर असायची आणि अप्पा आत. आधी दोनदा असं झालं होतं. सहल गेली होती, नाटक गेलं होतं. आणि तिची दुखणी येऊन जाऊन असायची. मी घरी राहायचे आणि तासाभरात ती उड्या मारायची. म्हणून तर अप्पांनी तिचं नाव ठकी पाडलं होतं, सगळ्यांना ठकवते म्हणून. मी तिला म्हटलं, शुक्रवार होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. ती म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर?" मी म्हटलं, तर माझं निळं पेन तुझं.

तिने नाही सांगितलं. गुरुवारी शाळेत गेली. संध्याकाळी तोंड पाडून मागच्या पायरीवर बसली होती. तू विचारलंस, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मी खिडकीत होते, ती माझ्याकडे बघून म्हणाली. तू कुंपणावर चढून पलीकडच्या झाडाची दोन हिरवी फळं आणून दिलीस, तिला हसवायला. तिने एक चावा घेतला. तुला बरं वाटावं म्हणून घेतला असेल. बाकीचं तिने फेकून दिलं, मी बघितलंय.

शुक्रवारी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. आईला वाटलं, नेहमीचंच. मी बसने गेले.

संध्याकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं, हिने काय खाल्लं होतं? तू लगेच म्हणालास, "मी फळं दिली होती. कच्ची." सोळा वर्षांचा होतास, पण लगेच सांगितलंस. मी अप्पांच्या मागे उभी होते. डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. अप्पा तुला म्हणाले, "तुझ्या हाताने गेली ती." तेव्हा मला तोंड उघडायला एक क्षण होता. मग तो गेला. मग रोज एक क्षण येत होता आणि रोज जात होता. वर्षभराने तू तुझी पेटी घेऊन निघालास तेव्हाही मी दारात होते. तू मला म्हणालास, "आईकडे बघ." मी मान डोलावली.

सर्जन बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तेरा वर्षांच्या होता. मी विचारलं, पहिल्या दिवशी नेलं असतं तर? त्या मला खोटं सांगू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आतडं बहुतेक वेळा जिवंत असतं."

हे पत्र वहिनींनी आधी वाचलं तरी चालेल. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

उद्या सकाळी मी आईला सांगणार आहे. आज सांगणार होते.

मधली


१८ एप्रिल

दादा,

वहिनींनी सगळं कळवलं. तुझ्या मुलाच्या रक्तात काही नाही, तो सुटला. मुलीच्या आतड्यात अकरा गाठी होत्या. दुर्बिणीतून नऊ काढल्या. दोन मोठ्या होत्या, त्यांच्यासाठी पोट उघडावं लागलं. त्यातली एक कधीही अडकली असती म्हणे. खारूने तिला चिठ्ठी लिहिली आहे, या पाकिटात आहे. खारूला गेल्या आठवड्यात कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली होती. ती पोटातून जाताना फोटो काढत जाते. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, आमच्या घरात सगळे फोटोग्राफर, पण आतले फोटो फक्त मीच काढते. तुझ्या मुलीलाही तिने भागीदारी देऊ केली आहे.

आईला सांगितलं, २७ मार्चला सकाळी. ती भाजी निवडत होती. माझं बोलून झालं तरी निवडत राहिली. सगळी संपल्यावर उठली, हात धुतले आणि विचारलं, "तो कुठे राहतो?" मी पत्ता सांगितला. तिने तो मला पुन्हा सांगायला लावला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते. खारूमार्फत निरोप देते, "तुझ्या आईला म्हणावं दूध उतू चाललंय." मी तिथेच उभी असते. तीन आठवडे झाले. मला याची तक्रार करायची नाही. तू एकतीस वर्षं सोसलंस.

अप्पांना सांगता आलं नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकदा तुझं नाव घेतलं होतं. मी उशी सरळ केली.

आणि परवा रविवारी सकाळी तुझा फोन आला. मी ओळखलंच नाही. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ टाय सरळ करत होते आणि मी रिसीव्हर खांद्यावर धरून म्हटलं, फोटो स्टुडिओ, बोला.

"मधले," तू म्हणालास.

आवाज जाड झालाय तुझा. अप्पांसारखा झालाय.

"बोल, दादा."

"पोरगी बरी आहे. आज भात खाल्ला."

"वहिनींनी सांगितलं. तू तपासून घेतलंस का?"

"पुढच्या सोमवारी जायचंय." मी त्या गृहस्थांना हाताने खूण केली, थांबा. मग तू विचारलंस, "बुधवारी तू सांगितलं असतंस, तर वाचली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक," तू म्हणालास. "मी एकतीस वर्षं..." आणि तिथेच थांबलास. मला तुझा श्वास ऐकू येत होता. वाटलं, आता ओरडशील. ओरडला असतास तर बरं झालं असतं. पण तू अगदी हळू विचारलंस, "शेवटी काय म्हणाली ती? मी खाली होतो. वर तूच गेली होतीस तिच्याकडे."

"आठवत नाही," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

मी त्या गृहस्थांचा फोटो काढला. तीनदा काढावा लागला.

मला आठवतं, दादा. दोन दिवस मी विचार करतेय की तुला काय लिहू. तिने तुझं नाव घेतलं असं लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. कोणी साक्षीदार नाही. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटची गोष्ट खोटी सांगितली तर आधीच्या सगळ्याचा काय उपयोग? तिने तुझं नाव घेतलं नाही. आईचंही नाही.

त्या शुक्रवारी मी साडेतीनला स्पर्धेहून आले. दुसरा नंबर आला होता, हातात बक्षिसाचा कप होता. धावत माडीवर गेले. ती पलंगावर सरळ झोपली होती, गुडघे जवळ न घेता, पाय पसरून. दोन दिवसांत पहिल्यांदाच. ओठ इतके पांढरे होते की डाग वेगळे उठून दिसत होते. कपाळाला हात लावला तर गार, ओलं. मला वाटलं, ताप उतरला.

आता मला ठाऊक आहे ते काय होतं. सर्जन बाईंनी सांगितलं. ताणून ताणून मेलेलं आतडं फाटलं की ताण सुटतो आणि काही वेळ दुखणं थांबतं. आईबापांना वाटतं, मूल बरं झालं. डॉक्टर मात्र त्या शांत झालेल्या मुलाला बघूनच जास्त घाबरतात.

तिने डोळे उघडले, कप बघितला आणि हसली. म्हणाली, "ताई, मी कोणाला नाही सांगितलं. आणि आता अजिबात दुखत नाहीये."

मी म्हणाले, "शाबास." आणि कप आईला दाखवायला खाली गेले.

मधली